खडूचा आवाज

साखर पेठेत वाचनालयाच्या भिंतीवर एक फळा आहे.
रोज सकाळी सातला त्यावर एक चांगली ओळ लिहायची.
हे काम माझ्याकडे आलं
पेंटप्पा दुडमांची नजर गेली तेव्हा.
सोबत वही आली, टॉवेलच्या दुकानाची जुनी खतावणी:
डाव्या पानावर डझनांचा हिशेब, येणे बाकी,
उजव्या पानावर मनाची शांती.

पहिली दोन वर्षं मी नुसता उतरवत गेलो.
'आजचा क्षण जगा' असं लिहिलं ऐन वैशाखात.
पाण्याला पाचवा दिवस लागलेला,
घागरी रांगेत, बायका सावलीत.
बालमणी विड्यांची पाटी कमरेवर घेऊन थांबली,
तेलुगूत वाढलेल्या जिभेवर एकेक अक्षर ठेवत
ओळ पुरी केली आणि विचारलं,
"सर, हे क्षण कितीला येतंय?
नळ तर पाचला येतंय म्हणालते."

रांग हसली. मीही हसलो,
पण फडकं जरा दाबूनच फिरलं.

मग वही कपाटात गेली.

"दिवसाला हजार विड्या कशा होतात गं?"
"हजार कोण वळतंय? मी एकच वळते.
तिचं तोंड मुडपलं की मग पुढची."
दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर.
तिनं वाचलं, मान हलवली.
"बरोबर हाय. पण पान चिरकं निघालं
तर टाकून द्यायचं असतंय, ते राहिलं."
मी खाली बारीक अक्षरात तेही लिहिलं.

यंत्रमागांच्या खडखडाटात अर्धे कान घालवलेले इरण्णा
ओरडूनच बोलतात:
"धागा तुटला की आधी माग थांबवायचा बे!
चालत्या मागावर गाठ मारायला गेलास तर बोट जातंय."
उजवा हात वर करून दाखवला.
साडेतीन बोटं.
ती ओळ मी आठवडाभर पुसली नाही.

आणि मी?
शेडच्या मधल्या भिंतीवरून
धाकट्या भावाशी सहा वर्षं बोलणं नाही.
क्षमेवर मात्र माझ्या हातच्या पंचवीस-तीस ओळी झाल्या असतील,
सगळ्या वळणदार.

पेंटप्पा रोज येऊन बाकड्यावर बसतात,
काठी दोन गुडघ्यांत.
मी लिहितो, ते ऐकतात.
"काय लिहायलास आज?"
"'जे कराल ते सावकाश, मन लावून.'"
"हां. त्यातलं 'सावकाश' तू सगळ्यात घाईत लिहिलास.
खडू पळाला. शेवटचा श मोडला असणार."

मोडला होता.

मी तेवढं एकच अक्षर पुसून पुन्हा काढलं,
गाठ, पोट, दांडी,
शाळेत पाटीवर काढतात तसं.
मागं रिक्षावाला हॉर्न देत होता,
देऊ दिला.

काल पारा चव्वेचाळीसला.
वहीतलं काही पटेना, ऐकलेलं काही आठवेना.
लिहिलं:
'पाणी उद्या पहाटे पाचला.'
त्या फळ्यापुढे इतकी माणसं कधी थांबली नव्हती.
एकानं तर मोबाइलवर फोटो काढला.

पेंटप्पांना सांगितलं. ते बराच वेळ हसले,
मग उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले,
"आता हे खरं निघायला पाहिजे, बघ.
आत्तापर्यंत तुझ्या-माझ्या एकाही ओळीला
ही भीती नव्हती."

रात्रभर झोप अशी नाहीच.
पाच वाजले. सव्वापाच.
पाच चाळीसला नळ आधी कोरडा खोकला,
मग गढूळ, मग स्वच्छ.
घागर लावली.
भिंतीपलीकडं अजून अंधार होता,
भाऊ रात्रपाळी करून झोपलेला असणार.
मी जाऊन कडी वाजवली.
"पाणी आलंय," म्हणालो,
पुढचं काही तोंडात आलं नाही.

आतून बादलीचा आवाज आला.
सात वाजायला अजून वेळ होता.